बंदूकधारी यंत्र-पहारेकरी: विद्यार्थी आणि पालक पुन्हा पुन्हा विचारतात ते प्रश्न

मी सोलापुरात डिप्लोमाच्या मुलामुलींना इलेक्ट्रॉनिक्स शिकवते. दरवर्षी शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टची यादी आली की त्यात एक विषय हमखास असतो: 'सीमेवरची स्वयंचलित बंदूक'. आवाजाच्या लहरींनी अंतर मोजणारा अल्ट्रासॉनिक सेन्सर, हव्या त्या कोनात वळणारी सर्वो मोटर, या सगळ्याला चालवणारा छोट्या संगणकासारखा आर्डुइनो बोर्ड आणि वर चिकटवलेली खेळण्यातली बंदूक. समोर हात धरला की बंदूक गर्रकन वळते, लाल लेझर लागतो, बझर वाजतो. मुलं खूश असतात, परीक्षक पाठ थोपटतात. मी मात्र त्या ग्रुपला बसवून घेते आणि तासभर बोलते. या तासाला मुलं, कधी त्यांचे आईवडील, जे विचारतात ते इथे लिहून ठेवलं आहे.

एक गोष्ट आधीच सांगते. माझे वडील, आप्पा, एका सूतगिरणीच्या गोदामावर रात्रपाळीचे रखवालदार होते. काठी, बॅटरी आणि शिट्टी एवढंच त्यांचं सामान. पहारा म्हणजे काय हे मी आधी त्यांच्याकडे पाहून शिकले, सर्किट नंतर आलं. त्यामुळे माझी उत्तरं तटस्थ नाहीत.

यंत्र-पहारेकरी म्हणजे नेमकं काय?

एका जागी रोवलेलं किंवा ठरलेल्या हद्दीत फिरणारं यंत्र. त्याला डोळे म्हणून साधा आणि उष्णता टिपणारा कॅमेरा असतो, अंतर मोजायला लेझर असतो आणि हातात बंदूक असते. हद्दीत कोणी शिरलं की ते पाहायचं, माणूस आहे का ठरवायचं, त्याच्यावर नेम धरून ठेवायचा, इशारा द्यायचा आणि शेवटी गोळी झाडायची, अशी कामांची साखळी असते. यातली पहिली चार कामं यंत्राने केली तर माझी फारशी तक्रार नाही. या पानावरचं सगळं बोलणं पाचव्या कामाबद्दल आहे.

अशी यंत्रं खरोखर कुठे बसवली आहेत की नुसत्या गोष्टी आहेत?

बसवली आहेत. उत्तर आणि दक्षिण कोरियाच्या मध्ये १९५३ पासून सुमारे २५० किलोमीटर लांब आणि ४ किलोमीटर रुंद असा निर्लष्करी पट्टा आहे. दक्षिण कोरियात सॅमसंगच्या एका कंपनीने २००६ मध्ये 'एसजीआर-ए१' नावाचं पहारा-यंत्र जगाला दाखवलं आणि २०१० मध्ये त्या पट्ट्यालगत त्याची चाचणी झाली. त्यात मशीनगन होती. समोरच्याला हटकून परवलीचा शब्द विचारायची सोयही होती. गोळी झाडायला माणसाची परवानगी लागते असं बनवणाऱ्यांनी सांगितलं. यंत्र स्वतःहून गोळी चालवू शकतं का, यावर मात्र जगभर वाद झाला.

त्याच देशातल्या दुसऱ्या कंपनीचं 'सुपर एजिस २' हे त्याहून मोठं: १२.७ मिलिमीटरची मशीनगन आणि सुमारे ३ किलोमीटरचा पल्ला. त्याच्या पहिल्या रचनेत यंत्र आपलं आपण गोळी चालवू शकत होतं. माणसाच्या हाताशिवाय गोळी सुटू नये अशी सोय नंतर घालण्यात आली, आणि ती खरेदी करणाऱ्यांनीच मागितली असं कंपनीने सांगितलं. म्हणजे तंत्र अडलेलं नव्हतं, ज्यांच्या हाती ते जाणार होतं त्यांचा जीव धजावला नाही. मुलांनी हे लक्षात ठेवावं.

इस्राएलने गाझाच्या कुंपणावर २००८ च्या सुमारास दूरनियंत्रित बंदुकांचे बुरूज उभे केले. तिथे खोलीत बसलेला सैनिक पडद्यावर पाहून बटण दाबतो.

आपल्याकडे जम्मूच्या सीमेवर सप्टेंबर २०१८ मध्ये साडेपाच-साडेपाच किलोमीटरच्या दोन टप्प्यांवर 'स्मार्ट' कुंपण सुरू झालं. ते पाहतं आणि कळवतं, गोळी झाडत नाही. १५ जानेवारी २०२५ ला पुण्यात लष्कर दिनाच्या संचलनात चार पायांची 'म्यूल' यंत्रं चालताना आपण सगळ्यांनी पाहिली. ओझं वाहणं आणि टेहळणी ही त्यांची कामं सांगितली जातात.

यंत्र माणसाला 'ओळखतं' म्हणजे काय करतं?

इथे मी फळ्याकडे वळते, कारण 'ओळखणं' या शब्दानेच सगळा घोटाळा होतो.

कॅमेऱ्याला माणूस दिसत नाही, ठिपके दिसतात. आधी पाहिलेल्या लाखो चित्रांशी ते ठिपके किती जुळतात याचा एक आकडा निघतो. आकडा ठरवलेल्या मर्यादेच्या वर गेला की यंत्र म्हणतं, 'माणूस'. ती मर्यादा कोणीतरी टेबलाशी बसून ठरवलेली असते. खाली ओढली तर कुत्रंही माणूस ठरतं, वर नेली तर सरपटत येणारा घुसखोर सुटतो.

उष्णता टिपणाऱ्या कॅमेऱ्याबद्दल मुलांना फार विश्वास असतो, 'रात्री अंधारातही दिसतं मॅडम' म्हणून. दिसतं, कारण माणसाची त्वचा साधारण ३३ ते ३५ अंश असते आणि रात्रीची जमीन त्याहून थंड असते. आता आपल्या सोलापूरचा मे महिना आठवा. पारा ४२-४३ वर, आणि उन्हात तापलेला दगड त्याहूनही गरम. सकाळी तापत जाताना आणि संध्याकाळी निवत जाताना अशी एक वेळ येते की भिंत, जमीन आणि माणूस सगळ्यांचं तापमान सारखं होतं. त्या वेळी कॅमेऱ्यासमोरचा माणूस पार्श्वभूमीत विरघळून जातो. थंडीत कोणी आपली जाड सोलापुरी चादर अंगभर गुंडाळून आला, तरी काही वेळ त्याची उष्णता झाकली जाते. लष्करी कॅमेरे महागडे आणि तरबेज असतात, हे मान्य. पण भौतिकशास्त्र त्यांनाही चुकत नाही.

तरीही माझी खरी हरकत पुढे आहे. समजा यंत्राने माणूस शंभर टक्के अचूक ओळखला. तो कोण आहे, हे कुठे कळलं? हातातली लांब वस्तू बंदूक की फावडं, धावतो तो हल्ला करायला की पिसाळलेल्या कुत्र्यापासून जीव वाचवायला, थांबत नाही तो मुजोरपणाने की बहिरा आहे म्हणून? हे ठिपक्यांत नसतं.

आणि परवलीचा शब्द कोणत्या भाषेत विचारणार? आपल्या शहरात एका बोळात मराठी, दुसऱ्यात तेलुगू, तिसऱ्यात कन्नड, चौथ्यात उर्दू. आप्पा अंधारात आधी ओरडायचे, 'कोण हाय बे तिकडं?' उत्तर आलं नाही की 'यारदु?' आणि मग 'एवरदि?' तीन भाषांत विचारून झाल्यावर ते बॅटरी मारायचे, तीसुद्धा आधी पायांवर, मग तोंडावर. पायांवर का, असं मी लहानपणी विचारलं होतं. चप्पल बघायला, म्हणाले. चोर चप्पल काढून येतो, चुकलेला माणूस चप्पल घालून येतो.

समजा ते ९९ टक्के अचूक आहे. मग काय वाईट?

वही काढा आणि गणित करा. एका कारखान्याच्या कुंपणाजवळ वर्षभरात कोणी ना कोणी १०,००० वेळा येतं असं समजू: मेंढरं घेऊन जाणारा, ऊसतोडीच्या टोळीतली बाई, पतंग शोधणारी पोरं, लघवीला थांबलेला ट्रकवाला. त्यातले खरे चोर समजा १०. यंत्र शंभरातून नव्याण्णव वेळा बरोबर सांगतं. म्हणजे दहाही चोर बहुतेक सापडतील. उरलेल्या ९,९९० निरपराधांपैकी एक टक्का, म्हणजे जवळजवळ १००, यांनाही ते 'चोर' म्हणेल.

यंत्राने बोट दाखवलेल्या ११० जणांत १०० निर्दोष निघाले. यंत्राच्या हातात भोंगा असेल तर शंभर वेळा कुणाची तरी झोपमोड होईल आणि प्रकरण मिटेल. बंदूक असेल तर काय, ते मी मुलांना लिहायला सांगत नाही. वर्गात तेवढ्यापुरती शांतता पसरते.

माणूस झोपतो, चिडतो, दारू पितो, सूड घेतो. यंत्र यातलं काहीच करत नाही. मग तेच बरं नाही का?

हा या पानावरचा सर्वांत जड प्रश्न आहे आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. अमेरिकेतले यंत्रमानवतज्ज्ञ रोनाल्ड आर्किन अनेक वर्षं हेच मांडत आले आहेत: यंत्राला स्वतःचा जीव वाचवायची घाई नसते, त्यामुळे ते घाबरून आधी गोळी झाडणार नाही, आणि मित्र मेला म्हणून गावावर राग काढणार नाही. युद्धांचा इतिहास पाहिला तर माणसाने रागात आणि भीतीत काय काय केलं हे सगळ्यांना माहीत आहे. शिवाय हिमालयात उणे तापमानात उभ्या असलेल्या जवानाची आई मला विचारेल, 'बाई, माझ्या पोराच्या जागी यंत्र उभं राहिलं तर तुमचं काय जातं?' तिला उत्तर देताना मला हजार वेळा विचार करावा लागेल.

माझं उत्तर असं आहे. तिच्या पोराच्या जागी पाहायला यंत्र जरूर उभं करा. थंडीत कॅमेरा कुडकुडू दे, पोराला उबदार खोलीत पडद्यासमोर बसू दे. पण गोळीचा निर्णय त्या पोराच्याच हातात राहू द्या, आणि त्याला वेळ मिळेल अशा रीतीने राहू द्या.

आप्पाही झोपायचे. पहाटे तीननंतर डुलकी लागायचीच, ते कबूल करायचे. एकदा त्या डुलकीत गोदामातून सुताच्या दोन पेट्या गेल्या. मालकाच्या माणसांनी पगारातून पैसे कापले आणि वर चारचौघांत पाणउतारा केला. घरी येऊन ते जेवले नाहीत. पण त्यांच्या तीस वर्षांच्या नोकरीत त्यांच्या हातून कोणाचं डोकं फुटलं नाही. एका रात्री भिंतीवरून उडी मारलेला पोरगा त्यांच्या काठीच्या टप्प्यात होता. चौदा-पंधरा वर्षांचा. काठी उगारलेली होती. ते म्हणायचे, त्याचे गुडघे थरथरत होते, मग माझा हात खाली आला. त्याला दारातून बाहेर सोडलं. नियमाप्रमाणे ती चूकच होती.

यंत्राला राग येत नाही म्हणून मला ते आवडतं. पण ज्या जागेतून राग येतो त्याच जागेतून तो खाली आलेला हातही येतो. एक काढून टाकलं की दुसरं शिल्लक राहील याची मला खात्री वाटत नाही. पहाऱ्याचं काम बहुतेक वेळा गोळी न झाडण्याचं असतं. हजार रात्रींत नऊशे नव्व्याण्णव रात्री पहारेकरी विचारतो, थांबतो, जाऊ देतो. यंत्राची परीक्षा आपण उरलेल्या एका रात्रीवर घेतो.

शेवटचं बटण माणसाच्या हातात ठेवलं की प्रश्न सुटला ना?

अर्धा सुटला. माणूस तीन ठिकाणी असू शकतो. एक, यंत्र नेम धरतं पण माणसाने बटण दाबल्याशिवाय गोळी सुटत नाही. दोन, यंत्र स्वतः गोळी झाडतं आणि माणूस नुसता बघतो, वाटलं तर थांबवतो. तीन, माणूस नसतोच. कागदावर पहिलं सुरक्षित, तिसरं भयंकर. प्रत्यक्षात पहिलं हळूहळू दुसऱ्यासारखं वागू लागतं. पडद्यावर दिवसभरात दोनशे वेळा 'धोका' असं आलं आणि दर वेळी तीन सेकंद मिळाले, तर माणूस विचार करत नाही, बटण दाबतो. ते शिक्का मारण्यासारखं होतं.

३ जुलै १९८८ ला पर्शियन आखातात अमेरिकेच्या 'व्हिन्सेन्स' युद्धनौकेने इराणचं प्रवासी विमान पाडलं, २९० माणसं गेली. निर्णय माणसांनीच घेतला होता. नौकेवरच्या संगणकाच्या नोंदीत विमान वर चढत होतं. ताणाखालच्या माणसांना ते आपल्यावर झेपावतंय असं वाटलं. २३ मार्च २००३ ला इराक युद्धात उलट झालं: क्षेपणास्त्रं पाडणाऱ्या अमेरिकी 'पेट्रियट' यंत्रणेने ब्रिटनचं टॉर्नेडो लढाऊ विमान शत्रूचं क्षेपणास्त्र ठरवलं, माणसांनी यंत्रावर विश्वास ठेवला आणि विमानातले दोघेही गेले. दहा दिवसांनी त्याच यंत्रणेने अमेरिकेचंच एक विमान पाडलं.

म्हणून 'बटणावर माणूस आहे' एवढ्यावर मी थांबत नाही. विचारा: त्याला किती सेकंद मिळतात? त्याला यंत्राने गाळलेलं चित्र दिसतं की कच्चं? 'नाही' म्हटलं तर वरिष्ठ जाब विचारतात का?

नुसत्या बिघाडाने अपघात झाले आहेत का?

हो. ऑक्टोबर २००७ मध्ये दक्षिण आफ्रिकेत सरावाच्या वेळी एक स्वयंचलित विमानविरोधी तोफ फिरत सुटली. तिच्या गोळ्यांनी ९ सैनिक मेले, १४ जखमी झाले. दोष संगणकाचा की यांत्रिक भागाचा, यावर पुढे चर्चा झाली. त्याआधी जून १९९६ मध्ये पॅसिफिक महासागरात जपानी नौकेवरच्या, क्षेपणास्त्रं पाडणाऱ्या 'फॅलँक्स' या स्वयंचलित तोफेने, सरावाचं लक्ष्य ओढत नेणारं अमेरिकी विमानच टिपलं. सुदैवाने विमानातले दोघेही वाचले.

माझ्या लॅबमध्ये सर्वो मोटर अडकते, जंपर वायर निघते, कोड हँग होतो. तिथे आपण रिसेट दाबतो.

शत्रूने यंत्रच निकामी केलं तर?

७ ऑक्टोबर २०२३ च्या पहाटे गाझाच्या कुंपणावर हेच झालं. हमासने छोट्या ड्रोनमधून स्फोटकं टाकून टेहळणीचे मनोरे आणि त्या दूरनियंत्रित बंदुका आंधळ्या-मुक्या केल्या. कुंपणावर विसंबून राहिल्याची किंमत त्या दिवशी फार मोठी मोजली गेली. महागड्या यंत्राला स्वस्त यंत्राने पाडता येतं, हे त्यातून जगाने पाहिलं.

जखमी झालेला किंवा हात वर केलेला माणूस यंत्र ओळखेल का?

१९४९ च्या जिनिव्हा करारांनुसार शस्त्र टाकलेल्या, जखमी किंवा आजारी माणसावर हल्ला करता येत नाही. भारत त्या करारांना बांधील आहे आणि १९६० साली संसदेने त्यासाठी कायदाही केला. हा नियम पाळायला समोरच्याच्या मनात लढाई संपली आहे हे कळावं लागतं. वर केलेले हात ओळखायला यंत्राला शिकवता येईल. पण ज्याचा एक हात निकामी झाला आहे, जो पोटावर पालथा पडून विव्हळतो आहे, जो शुद्धीवर येता येता बंदुकीशेजारून दूर सरकतो आहे, त्याचं काय?

भय्या चौकातून जाताना डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचं स्मारक लागतं. याच शहरात १९१० साली जन्मलेला हा मुलगा १९३८ मध्ये भारतीय वैद्यकीय पथकातून चीनला गेला, आघाडीवरच्या जखमींवर शस्त्रक्रिया करत राहिला आणि १९४२ मध्ये तिथेच, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी वारला. शत्रू-मित्राच्या पलीकडे जखमी ही एक वेगळी जात असते, हे आपल्या शहराला कोणी शिकवायची गरज नाही. ठिपक्यांच्या आकड्यात ती जात कुठल्या रकान्यात घालायची, हे मला विद्यार्थ्यांना सांगता येत नाही.

चुकून निरपराध मेला तर जबाबदार कोण?

कोड लिहिणारा म्हणेल, मी मर्यादा ०.८ ठेवली होती, यांनी ०.६ केली. कंपनी म्हणेल, वापरायची पुस्तिका वाचली नाही. अधिकारी म्हणेल, यंत्र प्रमाणित होतं. बटणावरचा जवान म्हणेल, पडद्यावर 'शत्रू' लिहून आलं होतं. प्रत्येकाचं थोडं थोडं खरं असेल, आणि मेलेल्याच्या घरच्यांना दार ठोठावायला एकही घर उरणार नाही.

मे १९३० मध्ये सोलापुरात इंग्रजांचा गोळीबार झाला, मार्शल लॉ लागला, आणि १२ जानेवारी १९३१ ला मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा आणि कुर्बान हुसेन यांना येरवड्यात फाशी दिलं. चार पुतळ्यांपाशी मी मुलांना नेते तेव्हा सांगते: त्या राज्यात न्याय नव्हता, पण हुकूम देणाऱ्याला नाव होतं, हुद्दा होता, सही होती. म्हणून लोक त्याच्याविरुद्ध बोलू शकले, लिहू शकले, उभे राहू शकले. सही नसलेल्या गोळीविरुद्ध कसं उभं राहायचं?

आमच्या शेतात रानडुकरं येतात. मी माझ्या जमिनीत असं काही बसवलं तर कोणाला काय त्रास?

हा प्रश्न नेहमी मोहोळ, माढा, मंगळवेढ्याकडचे पालक विचारतात, आणि मला तो सीमेच्या प्रश्नापेक्षा जवळचा वाटतो. एका रात्रीत डुकरं मका आडवा करतात, राबणाऱ्याच्या पोटात काय होतं हे मी पाहिलं आहे.

पण कुंपणाच्या तारेत थेट लाइनचा करंट सोडणं म्हणजेच बंदूकधारी यंत्र-पहारेकरी आहे. बघणारा कोणी नाही, विचारणारा कोणी नाही, जो शिवेल तो गेला. आपल्या राज्यात असा करंट लागून शेजारचा शेतकरी, पाणी द्यायला निघालेला मुलगा, कधी करंट सोडणाऱ्याच्याच घरचं माणूस गेल्याच्या बातम्या येत राहतात. गुन्हा दाखल होतोच.

कायदा थोडक्यात असा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम ३४ ते ४४ मध्ये स्वसंरक्षणाचा अधिकार आहे. मालमत्तेसाठीही आहे. पण कलम ३७ सांगतं की बचावाला लागेल त्याहून जास्त इजा करता येत नाही. किती लागेल हे त्या क्षणी, समोरचा कोण आणि काय करतोय हे पाहून ठरतं. आधीच लावून ठेवलेलं यंत्र ते पाहत नाही. शिवाय बंदूक बनवायला आणि बाळगायला १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली परवाना लागतो.

परदेशातही हा वाद जुना आहे. चोराच्या पायाला दोरी लागली की सुटणाऱ्या 'स्प्रिंग गन' इंग्लंडने १८२७ मध्येच बेकायदा केल्या. अमेरिकेत आयोवा राज्यात एका जोडप्याने रिकाम्या घराच्या दाराला बंदूक बांधून ठेवली. जुन्या बाटल्या चोरायला आलेल्या माणसाचा पाय त्यात निकामी झाला. १९७१ मध्ये वरच्या न्यायालयाने त्या चोरालाच ३०,००० डॉलर भरपाई देण्याचा निकाल कायम ठेवला, कारण मालमत्तेपेक्षा माणसाचा जीव वर. पालकांना हा निकाल ऐकून राग येतो. येऊ दे. तुमच्या शेतात पहिला पाय चोराचाच पडेल असं तुम्हाला कोणी सांगितलं?

झटका मशीन लावा. सौर पॅनेलवर चालतं, अगदी थोडा वेळ टिकणारा झटका देतं, जनावर दचकून मागे जातं, मरत नाही. चांगल्या कंपनीचं घ्या, नीट अर्थिंग करा, पाटी लावा.

क्षेपणास्त्र पाडणाऱ्या स्वयंचलित तोफा चालतात, मग याच का नकोत?

समोरून येणाऱ्या क्षेपणास्त्राला विचारायचं काही नसतं. सेकंदांचा प्रश्न असतो आणि लक्ष्य लोखंडाचं असतं. १९९६ चा अपघात लक्षात ठेवूनही मी ते मान्य करते.

पोलिसांनी वापरायला सुरुवात केली तर?

जुलै २०१६ मध्ये अमेरिकेतल्या डॅलस शहरात पोलिसांनी बॉम्बशोधक यंत्राला स्फोटकं बांधून एका हल्लेखोराला मारलं. त्याने पाच पोलीस मारले होते, दुसरा मार्ग नव्हता असं पोलिसांचं म्हणणं होतं. नोव्हेंबर २०२२ च्या शेवटी सॅन फ्रान्सिस्कोच्या नगरमंडळाने पोलिसांच्या यंत्रांना जीव घेण्याची मुभा दिली. लोक रस्त्यावर आले आणि आठवड्याभरात ती मागे घेतली गेली. मला या दुसऱ्या बातमीतला तो आठवडा फार महत्त्वाचा वाटतो. सीमेवर आलेली वस्तू शहरात यायला वेळ लागत नाही, आणि आमच्या सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेची गर्दी डोळ्यांसमोर आणली की मला तिथे भोंग्यापलीकडचं एकही यंत्र नको असतं.

शेजारी देशांनी बनवलं आणि आपण नाही, तर आपण मूर्ख ठरणार नाही का?

भीती खोटी नाही. मे २०२४ मध्ये चीनने कंबोडियाबरोबरच्या सरावात पाठीवर रायफल बसवलेली कुत्र्यासारखी यंत्रं दाखवली. पण सगळ्यांकडे आहे म्हणून निर्बंध होतच नाहीत, असं नाही. भूसुरुंग हा सर्वांत जुना आणि सर्वांत आंधळा यंत्र-पहारेकरीच. १९९७ च्या ओटावा करारात १६० हून अधिक देशांनी माणसांविरुद्धचे भूसुरुंग सोडले. भारत, चीन, पाकिस्तान, अमेरिका, रशिया त्यात नाहीत. करार अपुरा आहे. तरीही त्याने पायांखालची बरीच जमीन मोकळी केली.

भारताची भूमिका काय आहे?

जिनिव्हात २०१४ पासून या शस्त्रांवर चर्चा चालू आहे. २०१७ आणि २०१८ मध्ये तिथल्या सरकारी तज्ज्ञगटाचं अध्यक्षपद भारताचे राजदूत अमनदीप सिंग गिल यांच्याकडे होतं. चर्चा जिनिव्हातच व्हावी, घाईने बंधनकारक करार नको, असं आपलं म्हणणं आहे. २२ डिसेंबर २०२३ ला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत या विषयावरचा ठराव १५२ विरुद्ध ४ मतांनी मंजूर झाला. त्या चारांत भारत होता. इतर तीन रशिया, बेलारूस आणि माली. डिसेंबर २०२४ च्या ठरावावर भारत तटस्थ राहिला.

देशाला सीमेची काळजी आहे, मला मान्य आहे. तरी चार विरोधी मतांत माझ्या देशाचं नाव वाचून मला वाईट वाटलं, आणि हे मी वर्गात उघड बोलते. संयुक्त राष्ट्रांचे महासचिव अँतोनिओ गुटेरेस यांनी बंधनकारक करारासाठी २०२६ ची मुदत मागितली होती. आपण त्या टेबलाशी पुढे बसावं असं मला वाटतं.

मग आम्ही हा प्रोजेक्ट करायचा की नाही?

करा. सेन्सर तोच, बोर्ड तोच, मोटर तीच. फक्त मोटरवर बंदूक बसवू नका. बॅटरी बसवा, भोंगा बसवा, स्पीकर बसवा, मालकाला फोन जाईल असं करा. ज्वारीच्या रानातलं बुजगावणं हजारो वर्षं हात पसरून उभं आहे, कोणाला न मारता पाखरं उडवतं. त्याला तुम्ही डोळे द्या. खोटे इशारे किती आले ते रोज वहीत लिहा, त्या वहीलाच मी जास्त मार्क देते. आणि बंदूक बसवायचीच असेल तर माझ्याकडे येऊ नका, मी सही करणार नाही.

मागच्या वर्षी एका ग्रुपने असं यंत्र बनवून बार्शी रोडच्या एका द्राक्षबागेत महिनाभर ठेवलं. पहिल्या आठवड्यात ते वाऱ्याने हलणाऱ्या शेडनेटवर रात्रभर ओरडत होतं. मग त्यांनी मर्यादा बदलली, कॅमेरा थोडा खाली केला. पहिला उजेड पायांवर पडतो. त्यानंतर यंत्र तीन भाषांत विचारतं, कोण आहे म्हणून. मराठीतलं वाक्य ग्रुपमधल्या मुलाचं, कन्नड त्याच्या मामाचं, आणि तेलुगू एका मुलीच्या आजीने म्हटलं आहे, तिच्या मागे यंत्रमागाचा आवाज तसाच येतो.